सावेरिओचं जाकीट

मी बोलतोय. भुंकत नाहीये, बोलतोय. ज्या एका दुपारी भुंकायला हवं होतं, त्या दुपारी मी शेपूट हलवत उभा राहिलो. म्हणून आता गाव मला नमकहराम म्हणतं. म्हणेना का! पण आधी माझं ऐका.

मी रस्त्यावरचा. आस्प्रोमोंतेच्या डोंगरात आमचं गाव आहे. त्याच्याखाली उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदी आहे. तिच्या पुलाखाली आम्ही सहा पिल्लं होतो, त्यातली पाच पहिल्याच थंडीत गेली. सावेरिओ नावाचा म्हातारा शेळ्या घेऊन तिथून चालला होता. त्यानं मला मानगुटीला धरून उचललं आणि जाकिटात कोंबलं. आत शेळीच्या दुधाचा, लाकडाच्या धुराचा, बडीशेपेचा आणि त्याच्या घामाचा वास होता. माझे डोळेही धड उघडले नव्हते, पण तो वास मी तेव्हाच शिकलो.

दारात त्याची बायको नुन्झिआता कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आणखी एक खाणारं तोंड?"

"जावई आणलाय."

"आपल्याला मुलगी कुठाय?"

"म्हणून तर परवडतो!"

नाव ठेवलं त्रोवातो, म्हणजे सापडलेला. मला कधी दोरी लागली नाही. दिवसभर गावातल्या भटक्या कुत्र्यांबरोबर उंडारायचं आणि संध्याकाळी म्हाताऱ्याच्या पायाशी येऊन पडायचं. चीजच्या साली माझ्या असत. सुख म्हणतात ते याहून काय वेगळं असतं?

मग एका पानगळीत त्यांचा मुलगा सांतो धापा टाकत घरी आला. खालच्या बंदरावर त्यानं दोन माणसं मारली होती. बापलेकांनी शेळ्यांच्या गोठ्यात, गव्हाणीखाली, खड्डा खणला. वर झाकण, झाकणावर गव्हाण. सांतो त्या भोकात राहू लागला. म्हातारा मुलाला भाकरी खाली देई, पण त्याच्याशी एक शब्द बोलत नसे. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी त्या घराची गत झाली.

या जूनमध्ये म्हातारा गेला. चर्चच्या घंटा वाजत होत्या तेव्हा मुलगा जमिनीखाली बसून ऐकत होता. बापाला खांदा द्यायलाही त्याला वर येता आलं नाही. शवपेटीमागून मी गेलो. मी परत आलो तेव्हा सांतो गोठ्यात साखळी घेऊन उभा होता.

"आता तू माझा," म्हणाला आणि माझ्या गळ्यात कुलूप घातलं. किल्ली खिशात टाकली.

गोठ्याच्या दाराला बांधलेली साखळी सात पावलांची. कुठल्याही बाजूला गेलो तरी आठवं पाऊल गळ्याशी. सांतो आपल्या विश्वासातल्या माणसांकरवी माझ्यापुढे मांस टाकायला लावायचा, मी तोंड लावलं की काठी. महिन्याभरात मी शिकलो, की त्याच्या हाताशिवाय कुणाचं खायचं नाही आणि परकं माणूस दिसलं की घसा फाटेपर्यंत भुंकायचं. तो खाली कोंडलेला, मी वर बांधलेला, आणि नुन्झिआता? तिला ना साखळी ना झाकण. तरी ती अंगणाबाहेर पडत नसे. कुणी विचारलं तर काय सांगायचं, या भीतीनं ती विहिरीवरसुद्धा जायची बंद झाली.

जुलैत रानातून नवे वास येऊ लागले. चेस्टनटच्या झाडांत माणसं होती. साबण नाही, तंबाखू नाही, अंगाला शेळीच्या लेंड्या चोळलेल्या. बेटे हुशार! वारा आमच्याकडून त्यांच्याकडे जात असला की जवळ यायचे, वारा फिरला की मागे सरायचे. गावातल्या भटक्यांना त्यांनी आधी वश केलं. अळंबी वेचणारे बनून रोज यायचे आणि सॉसेजचे तुकडे टाकून जायचे. पंधरा दिवसांत अकराच्या अकरा कुत्री त्यांना ओळखीचं समजू लागली. पोटापुढे कसलं इमान! राहिलो मी एकटा. मी कुणाचं खात नव्हतो.

म्हाताऱ्याचा तिसावा आला. आमच्याकडे त्या दिवशी एका गरिबाला मेलेल्याच्या खुर्चीवर बसवून जेवू घालतात आणि मेलेल्याचा एक कपडा देतात. दारात आलेल्याला नाही म्हणायचं नसतं, आणि घेणाऱ्यानं त्या जिवासाठी प्रार्थना करायची असते. एक दाढीवाला भिकारी आला. मी असा भुंकलो म्हणता! त्याच्या फाटक्या बुटांतून बंदुकीच्या तेलाचा वास येत होता.

"गप रे त्रोवातो! आज तरी गप!" नुन्झिआता ओरडली.

त्यानं शेळीच्या रश्श्यातल्या शेवया खाल्ल्या, दारू प्याला. नुन्झिआतानं खुंटीवरचं जाकीट काढलं. शेजारची कोन्चेत्ता लुडबुडली, "अगं बाई, धुऊन तरी दे! लोक काय म्हणतील?"

"धुतलं की नुसतं कापड उरतं. मला माणूस द्यायचाय."

मी भुंकतच होतो. त्या रात्री सांतोनं मला काठीनं फोडून काढलं. "साध्या भिकाऱ्यावर भुंकतोस? गाव गोळा करशील मेल्या!" खरं भुंकलो त्याचं हे बक्षीस.

ऑगस्टात जेवणानंतर दोन तास आमच्या गावात पान हलत नाही. दारं लावून सगळे झोपतात. "या वेळी फक्त मेलेले फिरतात," नुन्झिआता म्हणायची. त्या वेळी मी सावलीत पडलो होतो. वारा रानाकडून आला आणि त्यात दूध, धूर, बडीशेप आणि म्हाताऱ्याचा घाम आला.

मी उठलो. शेपटी आपोआप हलायला लागली. वाटेवरून जाकीट चालत येत होतं.

खरं सांगू? त्याच्याखालून बंदुकीच्या तेलाचा वासही आला होता. माझं नाक एवढं मूर्ख नाही. पण मला तो वास नको होता हो. दोन महिने मी ज्याची वाट बघत होतो तो मेलेल्यांच्या वेळी आला होता, मग मी का भुंकावं? तो माणूस खाली बसला. हलकेच म्हणाला, "त्रोवातो." मी नाक त्या जाकिटात खुपसलं आणि डोळे मिटले.

माझ्या बाजूनं रानातले ते सहा जण गेले. बुटांना फडकी बांधलेली होती. गव्हाण सरकली, झाकण उघडलं. सांतो डोक्यावर हात ठेवून वर आला. उजेडानं त्याला डोळे उघडवेनात.

"भुंकला का नाहीस रे?" एवढंच म्हणाला.

नुन्झिआता मोकळ्या केसांनी धावत आली. तिनं मुलाकडे पाहिलं, मग जाकिटाकडे.

"मीच दिलं," ती म्हणाली. "या हातांनी दिलं."

तो भिकारी म्हणजे पोलीस शिपाई निघाला; तो जाकीट काढू लागला. "आई, हे घ्या परत."

"दिलेलं परत घेत नाहीत." तिचा आवाज अगदी शांत होता. "त्याच्या खुर्चीवर बसून जेवलास. आता जन्मभर त्याच्यासाठी प्रार्थना करायची. मुलाला नेलंस ते ने, पण यातून तुझी सुटका नाही."

त्यानं मान खाली घातली आणि जाकीट अंगावर ठेवूनच तो वाटेला लागला. तेव्हा मी भुंकलो. सातवं पाऊल संपलं, आठव्याला गळा कापला, तरी भुंकत राहिलो. गाव हसतं, "सगळं आटपल्यावर अक्कल आली!" अहो, मी चोरावर भुंकत नव्हतो. मी म्हाताऱ्याला हाका मारत होतो.

कुलपाची किल्ली सांतोच्या खिशातून तुरुंगात गेली. नुन्झिआता रोज कानशीनं साखळी घासते, पण तिच्या हातांत जोर नाही. आता राखायला काही उरलेलं नाही, तरी मी इथेच. दुपारी ती माझ्याजवळ दारात बसते, झोपत नाही. आम्ही दोघं वाटेकडे बघतो.

तुमच्यापैकी कुणाला कधी कुत्र्याला फसवून जायची वेळ आलीच, तर सॉसेज टाका, लेंड्या फासा, वारा बघून या. ते आम्ही समजून घेऊ. फक्त आमचं माणूस अंगावर घालून येऊ नका. कारण एक कबूल करतो: ते जाकीट उद्या पुन्हा त्या वाटेनं आलं, तर मी पुन्हा भुंकणार नाही.