खोलीत मरायचं नाही

शिरूरच्या जांभूळमळा गल्लीत पाणी सकाळी सहाला येतं आणि पावणेसातला जातं. तेवढ्या वेळात सोळा इमारतींमधली तीनशेवर माणसं ड्रम भरतात, भांडतात आणि कंपनीच्या बसमागे धावतात. पूर्वी इथं कांदा निघायचा. आता खालच्या मजल्यांवर मालकांची सोळा कुटुंबं राहतात आणि वरच्या दहा बाय दहाच्या खोल्यांत लातूर, परभणी, बिहार असा सगळा मुलूख कोंबलेला आहे. चार खोल्यांना मिळून एक संडास. हे नगरपरिषदेला ठाऊक आहे, आणि ठाऊक असणं एवढंच बहुधा तिचं काम असावं.

गल्लीची आशा सेविका गौतमी हिच्या जन्ममृत्यूच्या वहीत एक गंमत आहे. अकरा वर्षांत भाडेकरूंच्या घरी जन्म शंभराच्या वर, मृत्यू एकही नाही. बघणाऱ्याला वाटावं, इथल्या पाण्यात अमृत आहे! मालकांच्या पानावर मात्र चार मृत्यू आहेत. ते चौघं आपापल्या अंथरुणावर, नातवंडांच्या हातचं पाणी पिऊन गेले. अमृत वगैरे काही नाही. मालकांनी एक रीत पाडली आहे: भाडेकरूनं खोलीत मरायचं नाही. दुखणं हाताबाहेर गेलं की म्हाताऱ्या माणसाला गावी न्यायचं.

त्या सोमवारी पाणी आलं तेव्हा करुणा ड्रम भरायला गेली नाही. मारुतरावांच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावर ती सासऱ्यांच्या, कोंडिबाआबांच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होती. परवाच डॉक्टरांनी दवाखान्यातून घरी सोडलं होतं. "आता फार दिवस नाहीत. हलवू नका, शांत पडू द्या," असं त्यांनी बजावलं होतं. नऊ वर्षं आबा या खोलीत राहिले होते. मारुतरावांच्या नातीला, प्रांजलला, बालवाडीत सोडायचं आणि आणायचं काम त्यांचंच होतं.

मारुतरावांची बायको रंगुबाई मऊ भाताचं पातेलं घेऊन वर आली. बाई दुष्ट असती तर सगळंच सोपं होतं. पण ती तशी नव्हती. तिनं आबांचं कपाळ पुसलं, पाय दाबले, आणि मग हळूच म्हणाली, "करुणा, आबांला गावाकडं न्यायचं बघ गं आता."

"काकू, गावाकडं घर कुठं हाय? कासुर्डीचं घर पडून सहा वर्सं झाली. चुलतदिराच्या पडवीत नेऊन टाकू का?"

"पडवी असली तरी आपली मान्सं हायत. हितं काय बरंवाईट झालं आन् नक्षत्र वाईट लागलं, म्हंजी खोली सहा म्हैने बंद ठिवावी लागती. वर वास्तूला दोष."

आबा डोळे मिटून होते, पण कान जागे होते. "रंगुबाई," ते पुटपुटले, "हितंच ऱ्हाऊ द्या मला. मी कुणाला कळू देनार न्हाई."

रंगुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तरीही तिनं हो म्हटलं नाही.

करुणाकडून हे ऐकून गौतमी तडक मारुतरावांकडे गेली. "मामा, डॉक्टरांनी हलवू नका म्हणून सांगितलंय. रस्त्यातच जातील ते!"

"ताई, तुमी लशीचं बघा. ही समद्या गल्लीची रीत हाय, माझ्या एकट्याची न्हाई."

"ही रीत न्हाई मामा, पाप हाय!"

"मग न्या की तुमच्या खोलीवर."

गौतमी पलीकडच्या गल्लीत राहत होती, भाड्यानंच. तिच्या मालकाचीही रीत हीच होती.

दुपारी आबांचा मुलगा नवनाथ पहिली शिफ्ट संपवून आला. करुणा दारातच म्हणाली, "न्हाई न्यायचं. पोलिसात जाऊ."

"आन् उद्या खोली खाली करा म्हनले तर? हितं एकानं काढलं की दुसरा ठिवत न्हाई. पोरांना घिऊन कुठं जायचं?"

करुणा दारातून बाजूला झाली. नवनाथनं छोटा हत्ती टेम्पो बोलावला आणि बापाला खुर्चीत बसवून अरुंद जिन्यावरून उतरवलं. दारोदारी माणसं उभी होती. कुणी पुढं झालं नाही, कारण प्रत्येकाच्या खोलीत कुणी ना कुणी म्हातारं होतं आणि प्रत्येकाचा कुणीतरी मालक होता.

पोरांना शेजारी ठेवून करुणा मागं आबांजवळ बसली. वाटेत न्हावऱ्याच्या अलीकडे, खड्ड्यांत गाडी आदळत असताना आबांचा श्वास थांबला. नवनाथनं मारुतरावांना फोन लावला. "मामा, आबा गेले. माघारी आनतो. आंघोळ तरी दारात घालू द्या."

"आता तर नकोच रं. गेलेलं मानूस गल्लीत कशाला आनतो? परस्पर गावाकडं ने."

रस्त्याकडेच्या एका बंद रसवंतीच्या नळावर आबांना शेवटची आंघोळ घातली. आडोसा म्हणून करुणा साडीचा पदर धरून उभी राहिली, आणि शेजारून ट्रक हॉर्न वाजवत जात राहिले.

तिसऱ्या दिवशी दोघं परत आले. रंगुबाई सुतकातला कडू घास म्हणून पिठलं-भाकरीचं ताट घेऊन वर आली आणि हमसून रडली. ते रडणं खोटं नव्हतं. "बापासारखा होता गं मला!"

"काकू, तुमचे वडील कुठनं गेले?" करुणानं विचारलं.

"कुठनं म्हंजी? घरातनंच..." रंगुबाईचं वाक्य तिथंच तुटलं.

करुणानं ताट घेतलं. पोरं भुकेली होती आणि खोली रंगुबाईचीच होती. वाचकहो, मारुतरावाला नावं ठेवणं सोपं आहे. पण आपण खोली देताना पाहुणे किती, पाणी किती, हे विचारतो; माणसाला तिथं मरू देऊ का, हे कधी बोलतो?

रंगुबाई खाली गेल्यावर शेजारच्या खोलीतल्या मुक्ताबाई दाराशी आल्या. परभणीच्या, सत्तरीच्या, आठवडाभर अंगात ताप मुरलेला. दोन दिवसांपासून त्या तोंडात पदराचा बोळा धरून खोकत होत्या. त्यांनी जिन्याकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "पोरी, खरं सांग. माझा खोकला खाली ऐकू जातो का गं?"