नूरीचा ढोल

मी एक जुना ढोल आहे. आपलाच ढोल आपण बडवू नये, असे शहाणी माणसे सांगतात. पण मित्रांनो, माझा नाइलाज आहे. दुसरे काही मला येत नाही.

सांगोल्याकडच्या माळावर एक आंबा वठला होता. माझा धनी बिरप्पा, त्याच्या वडिलांनी त्याचे खोड मागून आणले आणि सुताराकडून आतून कोरून घेतले. दोन्ही तोंडांना कातडे चढवले, सुती दोराने करकचून आवळले आणि मला धनगरांच्या देवाच्या, बिरोबाच्या पायाशी ठेवले. तो माझा जन्म. वडिलांच्या मागे मी बिरप्पाच्या गळ्यात आलो. यात्रेत धनगरांचे गजी नृत्य माझ्यावर चाले. सुरुवात संथ, मग थाप चढत जाई आणि शेवटी नाचणाऱ्यांना श्वास घ्यायला उसंत नसे. जगातले सगळे पाय माझ्याच हुकमाने उचलतात, असे मला तेव्हा वाटायचे.

पुढे चरायची राने कमी झाली. बिरप्पाने मेंढरे विकली आणि तो सोलापूरजवळच्या कुंभारीला मुलाकडे राहायला आला. कामगारांच्या वसाहतीतले ते घर. माणसेच जेमतेम मावत, तिथे ढोल कुठे ठेवणार? शेजाऱ्यांनाही माझी हौस नव्हती. गावाच्या कडेला बडेसाब यांचा तबेला होता. ते सोलापुरात वरातींना घोड्या पुरवायचे. बिरप्पाची आणि त्यांची तंबाखूवरून ओळख झाली आणि मी तबेल्यातल्या खुंटीवर जाऊन बसलो. उंदरांनी माझा दोर चाखून पाहिला. बाकी कोणी विचारले नाही.

नूरी याच तबेल्यात जन्मली. करडी, लांब मानेची, डोक्याने जरा आगाऊ. हल्ली वरातीत नुसती घोडी कोणाला चालत नाही, नाचणारी लागते. बडेसाब डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे अंथरुणाला खिळले होते, तेवढ्यात त्यांचा मुलगा गौस याने मोबाईलवर नाचणाऱ्या घोड्या पाहिल्या आणि नूरीला लांबच्या एका गावी शिकायला धाडले. तिथली रीत अशी, की घोडीला दोन खांबांमध्ये बांधायचे, तोंडात काटेरी लगाम घालायचा, ढोल बडवायचा आणि ठोक्यासरशी पायांवर छडी ओढायची. जनावर पाय उचलते. लोक त्याला नाच म्हणतात.

नूरी लवकर शिकून परत आली. पहिल्याच वरातीत ढोल कडाडला आणि ती मागच्या पायांवर उभी राहिली. नवरदेव फेट्यासकट बँडवाल्यांच्या अंगावर पडला.

गौसने अक्कलकोटकडच्या ईश्वरप्पाला बोलावले. ईश्वरप्पा घोड्यांचा व्यापारी. त्याने नूरीचे दात पाहिले, पाठ दाबली आणि म्हणाला, "हे नाचायचं काम हिचं न्हाय. वीटभट्टीवर चालंल."

बडेसाब यांनी तिचा जबडा हलकेच उघडला. जिभेवर आडवा व्रण होता. त्यांनी तो गौसला दाखवला.

"अब्बा, एक वरात बघू," गौस म्हणाला. "नीट पार पडली तर ऱ्हाऊ द्या. न्हाय तर ईश्वरप्पा घिऊन जाईल."

भट्टीवरची जनावरे कशी होतात, हे तबेल्यात सगळ्यांना ठाऊक होते.

बडेसाब यांनी काटेरी लगाम गौसच्या हातात दिला आणि नूरीला मोरकी बांधली. मोरकी म्हणजे तोंडाबाहेरून जाणारा साधा दोर. मग त्यांनी मला खुंटीवरून उतरवले, गव्हाणीत उभे ठेवले आणि माझ्या कातड्यावर मूठभर हरभरे टाकले.

बिरप्पा भडकला. "देवाचा ढोल हाय त्यो! घोडीचं उष्टं तोंड लावतोस व्हय त्याला? आमचा बिरोबा काय म्हनंल?"

"तुमचा बिरोबा मेंढरं राखतो न्हवं?" बडेसाब म्हणाले. "मग जनावराचं भ्या त्याला तुज्यापेक्षा जास्त कळतंय."

बिरप्पा कुरकुरत बाजूला झाला.

नूरी माझ्याजवळ यायला तयार नव्हती. लांबून मान ताणायची, फुत्कारायची, मागे सरायची. बडेसाब भिंतीला टेकून बसायचे. ती आली तर आली, नाही तर उद्या. एके सकाळी तिचे ओठ माझ्या कातड्यावर फिरले. हरभरा टपकन उडाला आणि मी बारीक वाजलो. ती दचकली. मग पुन्हा ओठ आले. खरे सांगतो मित्रांनो, इतक्या हलक्या हाताने मला कोणीच वाजवले नव्हते. मला ते आवडले.

त्यानंतर बडेसाब तिला लांब दोरावर गोल फिरवू लागले. त्यांच्या उस्तादांनी त्यांना शिकवलेली ती जुनी रीत होती. दोर कधी ताणायचा नाही. तिची पाठ फळीसारखी ताठ असेल, तर काही मागायचे नाही. मान खाली सोडून ती फुरफुरली, पाठ सैल झाली, की त्या दिवसाचे काम संपले.

"एवढ्यातच सोडतोस?" बिरप्पा विचारी.

"दमायच्या आधी सोडलं, तर उद्या आपणहून येती. दमवून सोडलं, तर उद्या पकडून आणावी लागती."

मग माझी पाळी आली. बिरप्पाने थाप टाकली आणि नूरी दोरासकट कुंपणापर्यंत पळाली.

बडेसाब म्हणाले, "तू वाजवतोस आन् ती पळती. आता उलटं कर. ती पाऊल टाकंल तवाच वाजव. थांबली, की तूबी थांब."

"म्हंजी घोडी वाजवनार आन् मी नाचनार व्हय?"

"व्हय."

बोलायला सोपे होते. बिरप्पाच्या हाताला आयुष्यभराची घाईची सवय. दहा पावले नीट जायची आणि मग यात्रा अंगात आल्यासारखा हात पुढे धावायचा. नूरी बिथरायची. बडेसाब नुसते बघायचे. घोडी आधी शिकली आणि ढोलवाला मागून शिकला. बिरप्पा ते कबूल करणार नाही, पण मी त्याच्या गळ्यातच होतो.

एके दिवशी तिने पाऊल टाकले, मी वाजलो. ती थांबली, मी गप्प. तिने कान माझ्याकडे वळवले. मुद्दाम एक खूर उचलला, जरा हवेतच धरला आणि टेकवला. धुम्. पुन्हा उचलला. धुम्. मला वाजवणारी आपण आहोत, हे तिला कळले होते. त्या दिवसापासून तिची पावले आपोआप उंच आणि सावकाश पडू लागली. मला मात्र कमीपणा वाटला. ज्याच्या हुकमावर यात्रा नाचायची, तो आता एका घोडीच्या खुराखाली आला. पुढे सवय झाली.

वरात कुंभारीतलीच होती. बडेसाब यांनी नूरीला गुळगुळीत कडीचा साधा लगाम घातला होता. गौस बाजूने चालत होता आणि काटेरी लगाम त्याच्या खिशात होता. निम्म्या वाटेपर्यंत सगळे ठीक चालले. मग कोणीतरी पायाशीच फटाक्यांची माळ लावली.

नूरी जागच्या जागी थिजली. बिरप्पाची काठी उचललेली होती, ती तशीच वर राहिली. मी गप्प झालो.

वरातीत ढोल गप्प बसणे म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. "वाजवा की!" पोरे ओरडू लागली. "म्हाताऱ्या, झोपलास काय?" कोणी शिट्ट्या मारल्या. नवरदेव वरून हळूच म्हणाला, "चाचा, पडनार न्हाय न्हवं मी?"

गौसने खिशातून लगाम काढला. "अब्बा, लोक हसतेत. आता तरी घाला ह्यो."

बडेसाब यांनी लगामाकडे पाहिले नाही. उलट हातातला दोर आणखी सैल सोडला. बिरप्पाच्या कपाळावरून घाम ओघळत होता. एवढ्या माणसांत शिव्या खात तो न वाजवता उभा राहिला. त्याच्या गळ्यात असल्याचा मला त्या घटकेला जेवढा अभिमान वाटला, तेवढा कुठल्या यात्रेत वाटला नव्हता.

नूरीने मान खाली सोडली. फुरफुरली. मग उजवा पाय उचलला. धुम्. शिट्ट्या थांबल्या. मांडवाच्या दारापर्यंत ती उंच, संथ पावलांनी गेली आणि दारात तिने जागच्या जागी पावले टाकली. छडी नाही, ओढाताण नाही. लोकांनी मोबाईल वर केले.

दुसऱ्या दिवशी ईश्वरप्पा हजर. त्याने तो व्हिडिओ पाहिला होता. "भट्टीला न्हाय, वरातीलाच नेतो. तू म्हणशील ती किंमत."

आता बघा गंमत. वरात नीट झाली म्हणून नूरी राहणार होती आणि नीट झाली म्हणूनच तिला गिऱ्हाईक आले. गौस बापाकडे बघू लागला.

"शब्द तू दिलावतास," बडेसाब म्हणाले. "पाळायचा का न्हाय, तूच ठरव."

घोडी नाचते का ते बघायला ईश्वरप्पाने मला गळ्यात अडकवले आणि झोकात वाजवले. हात बरा होता त्याचा. नूरी हलली नाही. त्याने जोर वाढवला. ती थरथरत मागे सरकली, भिंतीला टेकली आणि तिच्या डोळ्यांचे पांढरे दिसू लागले.

गौसने पुढे होऊन काठी धरली. मला आपल्या गळ्यात घेतले आणि नूरीचा दोर सैल सोडून तो उभा राहिला. फार वेळ उभा राहिला. अखेर ती त्याच्याकडे एक पाऊल आली आणि त्याने काठी टेकवली. ठोका अगदीच बेंगरूळ होता. ती आणखी एक पाऊल आली. गौसचे डोळे भरून आले.

"ईश्वरप्पा, ही ढोलावर नाचत न्हाय," तो म्हणाला. "हिच्या पायावर ढोल वाजतो."

"अय्यो! मग काय घोडीच्या मागं मागं मी वाजवत फिरू?"

"व्हय. आमी तेच करतो."

ईश्वरप्पा हसत, मान हलवत निघून गेला. गौसने खिशातला लगाम काढला, लोहाराच्या भंगारात टाकून आला आणि नूरीला पाणी दाखवले.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. मला ओलीत ठेवू नका आणि वाजवून झाले की दोर सैल करा. जनावराला काही शिकवायचे असेल, तर त्याच्या पावलाची वाट बघा. तेवढाही धीर नसेल, काठी हातात आलीच असेल आणि कातडे बडवल्याशिवाय राहवत नसेल, तर माझ्याकडे या. माझ्या कातड्यातले जनावर केव्हाच मेले आहे. मला लागत नाही.