मी सटायव्हस, सटायव्हा, सटायव्हम

मित्रांनो, मी एक जुना लॅटिन शब्द आहे, जातीने विशेषण. 'सेरेरे' म्हणजे पेरणे, या क्रियापदाच्या घरात माझा जन्म झाला. रानात आपसूक न उगवता माणसाने पेरून वाढवलेले जे जे असते, त्याला मी शोभतो. मला स्वतःचे लिंग नाही. ज्या नामाशेजारी उभे कराल, तसे माझे शेपूट बदलते. मुळ्यापाशी मी सटायव्हस, भातापाशी सटायव्हा आणि लसणीपाशी सटायव्हम. या बदलण्यापायी मी पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत.

१९९२ साली गव्हाण गावची अंकिता पनवेलच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती. तिच्या घरातून कॉलेजात गेलेली ती पहिलीच. तोंडी परीक्षेत माझ्यामुळेच ती एकदा नापास झाली होती. तिन्ही झाडांना तिने 'सटायव्हा'च म्हटले होते. फेरपरीक्षा दोन दिवसांवर आली आणि तिने वही मिटली.

"आई, मी नाय जात आता कॉलेजात. एकच शब्द आणि तीन तऱ्हा! डोक्यात राहतच नाय."

तिची आई भामा पडवीत तांदूळ पाखडत होती. तिने विचारले, "अर्थ काय हाय त्याचा?"

"पेरलेला."

"मग आमी काय बोलतो? मुळा पेरला, मेथी पेरली, भात पेरलं. त्यात कदी चुकलीस का तू?"

 अंकिताने हळूच वही उघडली. लिंग मात्र लॅटिन नामाचे पाहायचे, हे तिला आता उमगले. तिथे भात चक्क बाईमाणूस निघाले, याचे तिला हसू आले.

परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी लसणीचा गड्डा पुढे ठेवला.

"ॲलियम सटायव्हम," अंकिता म्हणाली.

"सटायव्हा का नाही?"

"सर, ॲलियम नपुंसकलिंगी आहे. विशेषण त्याच्यासारखंच चालतं. आपण नाही का म्हणत, मुळा पेरला, मेथी पेरली?"

सरांनी चष्मा काढला. "माझ्या सरांनी मला हे छडी मारून शिकवलं होतं. तुला कोणी शिकवलं?"

"आईने. ती शाळेत गेलेली नाही."

अंकिता पास झाली. मित्रांनो, इतकी शतके पंडितांनी मला चालवले, पण भामाच्या तोंडी मला घरी आल्यासारखे वाटले. म्हणून सांगतो, मला नुसते घोकू नका, आधी माझा अर्थ विचारा. आणि पेरणाऱ्या हातांना जपा. ते थांबले, तर मी कोणाचे विशेषण म्हणून राहू?