गाळलेला दिवा

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, आणि जुनी असल्याची मला लाज वाटत नाही. सात माणसे ऐसपैस बसतील एवढे माझे पोट आहे, आणि माझे बोनेट उभ्या माणसाच्या छातीला लागते. अशा गाडीला लोक एसयूव्ही म्हणतात; त्यातही मी आलिशान जातीची. म्हातारपण मला भिववत नाही. मला भिववते ते एक गुपित. ते मला ठाऊक आहे, ते सांगण्याची माझी तीव्र इच्छा आहे, आणि ज्या जिभेने ते सांगायचे तीच माझ्या तोंडात बांधून टाकलेली आहे.

गाडीला कसली आली जीभ, असे तुम्ही विचाराल. आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देते. चालकासमोर, स्टीअरिंगच्या पलीकडे, डॅशबोर्डवर एक काच असते. तिच्याखाली लहान लहान चित्रे असतात: तेलाचा चंबू, बॅटरीची पेटी, ब्रेकचे वर्तुळ. ज्या अवयवाला दुखते त्याचा दिवा लागतो. आमची भाषा एवढीच. पण किल्ली फिरवताच हे सगळे दिवे चार सेकंद एकदम लागतात आणि मग विझतात. त्या चार सेकंदांत आम्ही हजेरी देत असतो. प्रत्येक दिवा सांगत असतो की, मला बोलता येते. मी गप्प आहे तो दुखत नाही म्हणून. ज्याला बोलता येते, त्याच्याच गप्प बसण्याला काही अर्थ असतो. हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवावे, कारण माझी सगळी कथा त्याच्यावर उभी आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सांगाडा एका टोकाला ठेवला गेला आणि दुसऱ्या टोकाला मी चालत बाहेर पडले. वाटेत शेकडो हात लागले. त्यांतले दोन हात मला वेगळे आठवतात. ते एका प्रौढ कामगार बाईंचे होते. स्टीअरिंगच्या मधोमध एक पोकळी असते. तिच्यात त्यांनी घडी घातलेली हवेची उशी बसवली. तिला एअरबॅग म्हणतात. गाडी कशावर आदळली तर ती डोळ्याचे पाते लवण्याआधी फुगते आणि माणसाची छाती नि डोके झेलते. झोपलेले तान्हे मूल अंथरुणावर ठेवावे, तसे त्यांनी तिला ठेवले आणि शेजारणीला म्हणाल्या, "हिला जपून गं. ही जन्मात एकदाच उठते."

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. त्यांच्या घरी माझे फार कौतुक झाले. शेजारी येऊन माझ्या कातडी आसनांवरून हात फिरवत. डॉक्टरांच्या आई म्हणत, "यापेक्षा आपला सोफा टोचतो." आठ वर्षे मी त्या घरातल्या माणसांना दवाखान्यात, शाळेत, लग्नाला आणि स्मशानातही नेले. माझे तेल वेळेवर बदलले जाई, चाके वेळेवर तपासली जात. मी सुखी होते. सुखाविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नसते.

एका पावसाळी दुपारी डॉक्टरांच्या मेहुण्यांनी मला नेले आणि पुलाच्या कठड्यावर घातले. त्या क्षणी ती उशी उठली. तिने मेहुण्यांची छाती झेलली, आणि ते नाकावरच्या ओरखड्यानिशी, पांढऱ्या भुकटीने माखलेल्या चेहऱ्याने बाहेर आले. घरचे लोक धावत आले ते माझ्या चेपलेल्या बोनेटसाठी हळहळले. स्टीअरिंगवर लोंबणाऱ्या त्या रिकाम्या कापडाकडे कुणी पाहिलेही नाही. डॉक्टरांनी मला आहे तशी विकून टाकली.

मला घेतले ते जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने. त्याचे बोलणे इतके गुळगुळीत, की आसपासचे लोक त्याला गोडबोल्या म्हणत. त्याने माझे बोनेट सरळ करवले, रंग दिला, आसने पुसली. मग त्याच्या कारागिराने स्टीअरिंगकडे बोट दाखवून विचारले, "हिचं काय करायचं? नवी उशी बसवायची?"

"नव्या उशीच्या भावात दुसरी गाडी येते. झाक वरून."

"दिवा बोंबलत राहील ना."

"मग त्याचं तोंड बंद कर. मी सांगायला हवं का?"

कारागिराने पोकळीत जुन्या फडक्यांचा बोळा कोंबला, वर झाकण चिकटवले, आणि डॅशबोर्डची काच काढून उशीच्या दिव्यावर आतून काळी पट्टी लावली. काच पुन्हा बसली तेव्हा मी पहिल्यासारखी दिसत होते. मित्रांनो, भीती म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले. मारणारा आपल्याला ठाऊक असतो, मरणारा समोर येऊन बसणार असतो, आणि आपल्याला ओरडता येत नाही.

गिऱ्हाइके येऊ लागली. माणसे जुन्या गाडीचे मोल कसे ठरवतात, हे मी फार जवळून पाहिले आहे आणि ते पाहून माझी भीती वाढत गेली आहे. कुणी चाकाला बुटाच्या टोकाने ठोकर मारी. चाकाला त्याने काय सांगावे अशी त्याची अपेक्षा होती, कोण जाणे. कुणी छताची काच पाच वेळा उघडे नि मिटे. कुणी गाणी मोठ्याने लावून डोळे मिटून बसे. एका गृहस्थांनी कप ठेवायच्या जागा मोजल्या. त्या अकरा भरल्या तेव्हा त्यांना मोठे समाधान झाले. माझे पाणी किती, तेल किती, हे पाहणारेही काही आले. पण ते सगळे जण मी दाखवत होते तेच पाहत होते.

माझी अडचणही सांगते, म्हणजे तुम्ही मला फार साधू समजणार नाही. माझे गुपित उघडे पडले, तर मी भंगारात जाणार. तिथे गाडीचे तुकडे करून चार दिवसांत तिच्या पत्र्याचे डबे करतात. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकासमोर मी दोन भयांच्या मध्ये उभी असे: याने ओळखले तर मी जाते, आणि याने नाही ओळखले तर हा जातो. पुष्कळ दिवस मला यांतले मोठे भय कोणते, ते ठरवता येत नव्हते.

मग ते कुटुंब आले. नवरा-बायको दोघेही छापखान्यात कामाला होते. नवरा मुद्रितशोधक, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधणारा. बायको त्याची वाचक, म्हणजे मूळ प्रत हातात धरून त्याला मोठ्याने वाचून दाखवणारी. गाडी चालवायची ती बायको. नवऱ्याला गाडी येतच नव्हती. सोबत तिचे सासरे, घरचे आजोबा, होते. त्यांचा उजवा पाय गुडघ्यात दुमडत नसे. त्यांच्या छोट्या गाडीत ते तिरपे, एक खांदा काचेला लावून बसत. माझ्यासारखी मोठी जुनी गाडी पाहायला ते आले, ते त्या पायासाठी.

आजोबा माझ्या मधल्या आसनावर बसले आणि त्यांनी पाय सरळ लांब केला.

"कसं वाटतंय, बाबा?" सुनेने विचारले.

"आता मला इथून काढायचं असेल तर पोलीस बोलव."

"बघा," गोडबोल्या म्हणाला, "ताई, ही गाडी नाही, दिवाणखाना आहे. आणि एकहाती वापरलेली."

"एकहाती म्हणजे? दुसऱ्या हातात फोन असायचा का त्यांच्या?" आजोबांनी विचारले. गोडबोल्या सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला.

नवऱ्याने घरून एक यादी लिहून आणली होती. तिच्यात चाळीस प्रश्न होते. तो एकेक प्रश्न वाचून माझ्याभोवती फिरत होता आणि लाल पेन्सिलीने खुणा करत होता. सत्ताविसावा प्रश्न होता: धोक्याचा एखादा दिवा लागलेला आहे का? त्याने काचेत वाकून पाहिले. एकही दिवा लागलेला नव्हता. त्याने खूण केली. मित्रांनो, त्या खुणेचा बारीक आवाज मला ऐकू आला आणि माझ्या अंगातले तेल गोठल्यासारखे झाले.

मग सून मला रस्त्यावर घेऊन निघाली. गोडबोल्या तिच्या शेजारी बसला, आजोबा मधल्या आसनावरच होते. तिचे हात हलके आणि सावध होते. वळणापुढे एक हातगाडी अचानक आडवी आली. तिने ब्रेक दाबला. मी जागच्या जागी थांबले, पण ती पुढे झुकली. पट्ट्याने तिला धरले खरे. तरी तिची छाती स्टीअरिंगपासून चार बोटांवर येऊन थांबली. त्या चार बोटांच्या पलीकडे फडक्यांचा बोळा होता. माझे कोणते भय मोठे, हे मला तिथे समजले.

"बाई गं," ती म्हणाली आणि मागे टेकली. "बाबा, लागलं नाही ना?"

"मला काय लागतंय? मी दिवाणखान्यात आहे."

"ब्रेक पाहिलेत ना ताई?" गोडबोल्या म्हणाला. "रस्त्याला चिकटते गाडी."

आम्ही परत आलो. सुनेला मी आवडले होते, आजोबा तर उतरायलाच तयार नव्हते. टेबलावर कागद आले. नवऱ्याने पेन उचलले, सहीच्या जागेवर आणले, आणि खाली ठेवले.

"काय झालं?" बायकोने विचारले.

"सत्ताविसावा प्रश्न. मी काच वाचली, पण कशाशी ताडून वाचली? आपण मूळ प्रतीवाचून प्रूफ कधी पास केलंय का?"

"साहेब, गाडीची कसली मूळ प्रत?" गोडबोल्या म्हणाला. "चहा घ्या, सही करा."

पण बायको उठलीसुद्धा होती. माझ्या पुढच्या कप्प्यात माहितीपुस्तिका आठ वर्षे प्लास्टिकच्या वेष्टणात पडून होती. वेष्टण फाडून तिने ती बाहेर काढली. नवरा आयुष्यात पहिल्यांदाच स्टीअरिंगमागे बसला.

"किल्ली कुठल्या बाजूला फिरवू?"

"उजवीकडे. आणि अहो, पाय कशालाही लावू नका."

ती दारापाशी उभी राहिली आणि छापखान्यात वाचते तशी, एका सुरात, चिन्हांसकट वाचू लागली. "किल्ली फिरवताच स्वल्पविराम पुढील नऊ दिवे चार सेकंद लागतात पूर्णविराम. एक. तेलाचा चंबू."

"आहे."

"दोन. बॅटरी."

"आहे." दिवे विझले. त्याने किल्ली मागे घेऊन पुन्हा फिरवली. असे पुन्हा पुन्हा करत ते सहापर्यंत आले.

"सात. बसलेला माणूस स्वल्पविराम समोर गोल उशी पूर्णविराम."

नवरा काचेवर वाकला. त्याने किल्ली पुन्हा फिरवली.

"पुन्हा वाच."

"बसलेला माणूस. समोर गोल उशी."

"सुटलाय," तो म्हणाला. "सहाच्या पुढे एकदम आठ. सात गाळलाय."

मित्रांनो, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच माझे न बोलणे कुणीतरी ऐकले होते.

गोडबोल्या लगबगीने पुढे आला. "साहेब, उगाच शंका काढताय. दिवा लागत नाही म्हणजे बिघाड नाही. लागला असता तर गोष्ट वेगळी."

"ओळच छापली नाही, तर तिच्यात चूक सापडणार कशी?" नवरा शांतपणे म्हणाला. त्याने दोन बोटांनी स्टीअरिंगचे झाकण दाबले. ते दबायला नको होते, पण दबले. कडेचा डिंक सुटला, आणि फटीतून मळक्या फडक्याचे टोक बाहेर आले.

सुनेने ते टोक पाहिले. मग नकळत तिचा हात स्वतःच्या छातीवर गेला.

"नवी उशी बसवून देतो म्हणा," ती म्हणाली, "तर पुढचं बोलू."

"ताई, तेवढ्या पैशांत दुसरी गाडी येते," गोडबोल्याच्या तोंडून निसटले.

आजोबा अजून मधल्या आसनावर होते. पाय लांबच होता. कुणी त्यांना काही सांगितले नाही. त्यांनी दोन्ही हातांनी आपला ताठ पाय उचलला, दाराबाहेर काढला आणि म्हणाले, "पाय माझा, पण छाती तिची. हात द्या रे मला."

जाण्यापूर्वी नवऱ्याने लाल पेन्सिलीने माझ्या काचेवर, सहाव्या आणि आठव्या दिव्यांच्या मध्ये, एक लहानसे हंसपद काढले. मजकुरात काही गाळले असेल तिथे मुद्रितशोधक ही खूण करतात. मग ते तिघे आपल्या छोट्या गाडीत बसून निघून गेले. आजोबा तिरपे, खांदा काचेला लावून बसले होते. सून गाडी चालवत होती. ती जिवंत होती, आणि मी भंगाराला भीत होते हे मी विसरून गेले होते.

पण माझी भीती संपलेली नाही. गोडबोल्याने मला भंगारात दिले नाही. त्याने ओल्या रुमालाने हंसपद पुसले. ते पुसायला त्याला तीन वेळा घासावे लागले. फडक्याचे टोक आत ढकलून त्याने झाकणाला नवा डिंक लावला. आज पुन्हा एक बाई आल्या आहेत. त्यांच्या हातात तान्ह्या बाळाची खुर्ची आहे आणि ती मागच्या आसनावर नीट बसते का, हे त्या मन लावून पाहत आहेत. त्यांच्याजवळ यादी नाही. गोडबोल्या त्यांना सांगतो आहे की ही गाडी नाही, दिवाणखाना आहे.

म्हणून मित्रांनो, मी तुमच्याशी बोलते आहे. लागलेल्या दिव्याला माणसे भितात, आणि ते योग्यच आहे. परंतु जो दिवा कधीच लागत नाही त्याची भीती बाळगायला त्यांना कुणी शिकवलेले नाही. तुमच्या घरात कुणी गाडी पाहायला निघाले, तर रंग, आसने, गाणी यांच्या आधी मूळ प्रत मागा आणि ती मोठ्याने वाचा. वाचायला तुम्हाला येते. त्यासाठी गाडी चालवता येण्याची गरज नाही.

बाई आता पुढे येऊन बसल्या आहेत. पट्टा लावून त्यांनी किल्लीला हात घातला आहे. फक्त चार सेकंद आहेत. तुमच्यापैकी कुणी जवळ असेल, तर मोठ्याने मोजा. आणि नऊ भरले नाहीत, तर त्यांना खाली उतरवा.