रुतलेली नळी

माझ्या थोरल्याला जुनी खोड आहे. चूक झाली की आधी दुसऱ्याकडे बोट दाखवायचं. लहानपणी चिमटे काढून काढून माझी नखं झिजली, खोड काही गेली नाही. आता तर समुद्राचा मोठा शास्त्रज्ञ झालाय. जहाजावर त्याचा शब्द कुणी खाली पडू देत नाही, म्हणजे बघायलाच नको.

गेल्या फेरीत समुद्रात सोडलेलं सामान वर ओढणाऱ्या यंत्राची पोलादी वायर तुटून जहाजावरच्या यंत्रवाल्याचा हात कोपरापासून गेला. "त्याचीच घाई नडली," असं थोरल्याने घरी सांगितलं. मीही मान डोलावली. पोटचा गोळा ना!

काल दुपारी तो चौकशीचा जबाब लिहीत बसला होता. यंत्रवाल्याची बायको तरातरा आत आली.

"यंत्राचा दांडा कुणी ओढला, ते लिहिलंत का?"

"बाई, ते चौकशीत ठरेल."

"मग आईंसमोर मीच सांगते. चिखलाचा नमुना काढायची नळी समुद्राच्या तळाशी रुतली होती. वायर ताठ धरून थांबायचं, लाटच जहाज उचलते आणि नळी सोडवते. हे नवख्यालाही ठाऊक असतं. माझा नवरा 'थांबा साहेब' म्हणून ओरडला, तर तुम्ही त्याला ढकलून स्वतः दांडा ओढलात, आणि वायर तुटली!"

"शुद्धीत तरी होता का तो?"

"होता. स्वतःचा हात डेकवर पडलेला बघत होता."

"माझ्या घरातून चालती हो!" थोरला ओरडला.

तिने टेबलावरचं सूक्ष्मदर्शक उचललं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. दात पडला, जबाबावर रक्त सांडलं. थोरल्याने तिचे केस धरून डोकं भिंतीवर आदळलं. एकदा. पुन्हा एकदा. भिंतीला लाल डाग पडला.

तिसऱ्यांदा आदळायच्या आत मी माझी काठी त्याच्या उजव्या मनगटावर घातली. कडकन आवाज झाला. काठी शाबूत होती.

"आई! हात मोडलास माझा!"

"मोडलाय, तुटला नाही. दांडा कुणी ओढला?"

तो खाली बसून कण्हत राहिला. मी काठी पुन्हा उचलली.

"मी," तो म्हणाला. "दोन आठवडे समुद्रावर, आणि एक नमुना हाती नाही. रिकाम्या हाताने कसा परतणार होतो?"

मी त्या बाईला खुर्चीत बसवलं, डोक्याला टॉवेल घट्ट बांधला. मग कोरा कागद त्याच्यापुढे आपटला.

"डाव्या हाताने लिही. 'मी ओढला' असं लिहून खाली सही होईपर्यंत या घरात तुला डॉक्टर नाही, आणि आईही नाही."