कोल्हिणीला नवे सेल

मागच्या मार्चमधली गोष्ट. खोटी वाटली तर जर्मनीत नेकारसुल्मला येऊन कोल्हिणीला विचारा, मला नको.

आम्ही राहतो जावई देवदत्त यांच्याकडे, आणि शेजारी हेर, म्हणजे श्रीयुत, क्लिंगलर राहतो. म्हातारा शिकारी. त्याला मराठी येत नाही, मला जर्मन येत नाही, तेव्हा भांडण होणार कशावरून? गावाबाहेरच्या रानात शिकारीचा भाडेपट्टा वर्षानुवर्षं त्याच्याकडे होता. मार्चअखेरीस तो दुसऱ्याच्या नावावर व्हायचा होता. गुडघे गेले, नजर गेली, बंदूक तर त्याने कधीच विकली. जाता जाता एवढंच बघायचं होतं, की रानातली लंगडी कोल्हीण जिवंत आहे का. सबंध हिवाळ्यात दिसली नव्हती.

त्याच्याकडे शिकाऱ्यांचा भोंगा होता. कळ दाबली की तो जखमी सशासारखा किंचाळतो, आणि कोल्ह्याला वाटतं, पान वाढलंय. असं बोलावून गोळी घालायला इथे बंदी आहे. नुसतं बोलवा, बघा, जाऊ द्या.

आता यात सेल कोणते घालायचे? देवदत्त मोटारींच्या बॅटऱ्यांचे इंजिनिअर, म्हणून क्लिंगलर भोंगा घेऊन आमच्या दारात. जावई नुकतेच कामावरून आले होते, बूट काढायचंही त्राण नव्हतं.

"बाबा, दिवसभर बॅटरी, घरी आलो तरी बॅटरी!"

"मग उद्या सांगा, जावईबापू."

"उद्या त्यांचा शेवटचा दिवस आहे." त्यांनी डोळे चोळले. "आल्झो, म्हणजे हे बघा, साधे अल्कलाइन थंडीत गारठतात. रिचार्जेबलचा जोर मुळात कमी. लिथियमचे घ्यायचे, चारही नवे, एकाच पाकिटातले. एक म्हातारा घुसला की तो बाकीच्यांनाही बसवतो."

हे म्हणताना माझ्याकडे का बघितलं, कोण जाणे.

पाकीट आणलं, सेल घातले, भोंगा आमच्या स्वयंपाकघरात ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघं मचाणावर चढलो. चढलो म्हणजे काय, क्लिंगलर एका पायरीवर दम खायचा, त्याच्या खालच्या पायरीवर मी. देवदत्त वर पोचताच बसल्या बसल्या झोपले.

क्लिंगलरने कळ दाबली. ससा असा किंचाळला, की माझीच भूक चाळवली. दुसऱ्यांदा आवाज जाड झाला. तिसऱ्यांदा भोंगा म्हणाला, "हंऽऽऽ..." सकाळी कंबर धरून उठताना मी म्हणतो ना, अगदी तसं. मग गप्प.

देवदत्त दचकून जागे झाले. झाकण उघडून मोबाइलचा उजेड टाकला. दोन सेल चकचकीत. बाकीच्या दोघांवर हळदीची बोटं.

"बाबा, हा तर आपल्या घड्याळातला! आणि हा रिमोटचा!"

क्लिंगलर भोंगा मांडीवर घेऊन अंधारत चाललेल्या रानाकडे बघत बसला. परत चढून येण्याएवढे गुडघे त्याच्यात उरले नव्हते. उगीच म्हणून त्याने कळ शेवटची दाबली.

"हंऽऽऽ..."

आणि झुडपातून उत्तर आलं, "हंऽऽऽ..."

शपथेवर सांगतो! मागोमाग ती आली. लंगडत, तोंडावर पिकलेली, वाटेत दोनदा टेकत. सशासाठी नव्हे. ससा पकडायचं वय गेलं होतं तिचं. आपल्यासारखीच कंबर कुणाची गेली, ते बघायला आली होती. मचाणाखाली बसली आणि जांभई दिली. क्लिंगलरने दिली. मीही दिली. जावई परत झोपले होतेच.

"ना, आल्टे," क्लिंगलर हळूच म्हणाला. म्हणजे, काय गं म्हातारे. तेवढं जर्मन मला त्या संध्याकाळी आलं.

थोड्या वेळाने ती उठली आणि घाई न करता गेली. मग आम्हीही उतरलो.

घरी कुसुम, म्हणजे आमची ही, वाट बघत होती. "अहो, दिसली का?"

"दिसली. सेल तू काढलेस?"

"मग? घड्याळ संक्रांतीपासून रखडतंय, रिमोट थापट्या मारल्याशिवाय चालत नाही, आणि नवे सेल कोल्हिणीला?"

दुसऱ्या दिवशी क्लिंगलर पुन्हा दारात. भोंगा नव्या पट्टेदाराला द्यायचा होता, आणि म्हातारीला भेटायचं तर कोणते सेल लागतात, तेही त्याला सांगायचं होतं. देवदत्तांनी घड्याळाकडे पाहिलं, कुसुमकडे पाहिलं. बूट अजून पायातच.

"दोन नवे," ते थकून म्हणाले, "आणि दोन सासूबाईंचे."