फक्त आपल्याच भाषेतली पाटी

परदेशातल्या त्या हॉटेलात नाश्त्याला उतरल्यावर बाईंची नजर आधी भिंतीकडे गेली. तीस वर्षं शाळेत काढून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. लिहिलेलं दिसलं की वाचणारच. पाटी एकच होती आणि तीही फक्त आपल्या भाषेत: ‘रांग मोडु नये. ओरडु नये. खाने बाहेर नेउ नये.’

“तीन वाक्यं आणि चार चुका!” बाई पुटपुटल्या. पण खरं झोंबलं ते वेगळंच. आजूबाजूला चार देशांचे लोक खात होते आणि शहाणपण शिकवायला आपणच सापडलो होतो.

टूरच्या गाइडला सोबत घेऊन त्या तडक मॅनेजरकडे गेल्या. मॅनेजर उंच, शांत बाई होती.

“ती पाटी काढा, नाहीतर सगळ्या भाषांत लावा.”

“मागच्या महिन्यात तुमच्याकडचाच ग्रुप होता,” मॅनेजर म्हणाली. “टॉवेल गेले, केस वाळवायची मशिनं गेली. एका खोलीतला शॉवर नळीसकट गेला.”

गाइडने खाली मान घालून हे मराठीत सांगितलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत येऊन बघतात तर आपल्या ग्रुपमधले ट्रान्सपोर्टवाले काका उकडलेली अंडी रुमालात बांधतायत!

“काका, ठेवा ती.”

“अहो बाई, दुपारी भूक लागते! आणि मला इथे ओळखतंय कोण?”

“तेच तर! तुम्हाला कुणी ओळखत नाही, म्हणून तुम्ही कराल ते सगळं देशाच्या नावावर जमा होतं.”

काकांनी तोंड वाकडं केलं, पण गाठ सोडली.

निघायच्या दिवशी सकाळी लिफ्ट बंद पडली. पाचव्या मजल्यावर दुसऱ्या कुठल्याशा देशाचे म्हातारे पाहुणे बॅगा घेऊन अडकले. खाली काउंटरवर आरडाओरडा, आणि तोंड द्यायला मॅनेजर एकटी. बाई काही बोलणार, तोच काकांनी बाह्या वर सारल्या.

“चला, दर चार पायऱ्यांवर एक माणूस! बॅग हातातून हातात द्यायची, खाली टेकवायची नाही. आधी म्हाताऱ्यांचं सामान, मग आपलं!”

उभा जन्म ट्रक भरण्यात गेलेला माणूस तो. तासाभरात सगळं सामान खाली आलं. व्हीलचेअरवरच्या एका आजींना काका आणि तिघांनी खुर्चीसकट अलगद खाली आणलं. आजींनी त्यांचा हात धरून विचारलं, कुठले तुम्ही? काकांचं इंग्रजी बेताचंच, पण देशाचं नाव त्यांनी असं ठणकावून सांगितलं की काउंटरवरचे भांडणारेसुद्धा वळून बघायला लागले. बाईंचा ऊर भरून आला.

मॅनेजरने स्वतः जाऊन पाटी उतरवली. “मागचं विसरले असं म्हणणार नाही,” ती बाईंना म्हणाली. “पण आता तुमचे लोक म्हटलं की हेही आठवेल.”

तेवढं बाईंना पुष्कळ होतं.

बसमध्ये काका घाम पुसत बसले होते. कौतुकाच्या बाबतीत बाई तशा आखडत्या हाताच्या. त्या काकांच्या सीटपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “शाब्बास!”

बासष्ट वर्षांचे काका कानापर्यंत लाल झाले.